न्यू जर्सीतलं पब्लिक स्कूलचं फुल-डे किंडरगार्टन: आमचा अनुभव

धाकटीचं किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष, जूनमध्ये संपलं. पब्लिक (म्हणजे इथली सरकारी) स्कूल, फुल डे, फी काही नाही. इथे नवीन येणारे मराठी लोक टाउन निवडताना नेहमी विचारतात म्हणून नीट लिहितेय.

मोठ्याच्या वेळी आम्ही शेजारच्या टाउनमध्ये होतो, तिथे हाफ डे, म्हणजे जेमतेम अडीच तास. जॅकेट काढून सर्कल टाइम आटपतोय तोवर परत जॅकेट घालायची वेळ. पुढे दिवसभर मुलाला बघणार कोण, दोघंही ऑफिसात, म्हणून मग डेकेअरचे पैसे वेगळे भरायचे. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यात नोकरी सोडते ती बहुतेक वेळा आईच, आणि याचा मला खरंच राग येतो.

धाकटीच्या शाळेत टीचरना घाईच नव्हती. सकाळी वाचन, दुपारी गणित, मग रिसेस, ब्लॉक्स, आर्ट, म्युझिक. आमच्या घरी फक्त मराठी, त्यामुळे ईएसएलच्या (घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या) टीचर तिला छोट्या ग्रुपमध्ये घेऊन बसायच्या, अडीच तासांत हे कुठे बसवणार होते? सुरुवातीला घरी आली की दप्तरासकट सोफ्यावर झोपायची, पण दिवाळीपर्यंत सरावली. लंच टाइम मात्र फारच कमी, पोळीभाजी अर्धी परत यायची, रोल करून द्या.

राज्याने २०२५ मध्ये कायदा केलाय, २०२९-३० पर्यंत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला) फुल डे द्यावाच लागेल, फारच छान झालं. पण वयाचंही एकदा ठरवा ना! इथे बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, काही डिस्ट्रिक्टची तारीख वेगळी, आणि नदीपलीकडे न्यूयॉर्क सिटीत ३१ डिसेंबर, आपल्या महाराष्ट्रासारखंच. म्हणजे नोव्हेंबरचं मूल न्यूयॉर्क सिटीतल्या क्वीन्समध्ये शाळेत जाणार आणि इकडे तेच मूल अजून एक वर्ष डेकेअरला, खर्च आईबापांचा. कनेटिकट राज्याने २०२४ पासून १ जानेवारीची तारीख बदलून राज्यभर १ सप्टेंबर केली. तारीख कुठली का असेना, सगळ्यांना एकच हवी.

शिकवण्याला पाचपैकी पाच, तारखांच्या गोंधळाला दोन. घराचं लीज साइन करायच्या आधी डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करून फुल डे आहे का आणि वयाचा कटऑफ कधीचा, दोन्ही विचारा, रजिस्ट्रेशन बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातच सुरू होतं, बर्थ सर्टिफिकेट, लसींचे कागद आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा.