गुहागरच्या पावसात ड्रायर: दोन पावसाळ्यांचा अनुभव आणि त्याचा आवाज

आमचं घर गुहागरात, समुद्राच्या अगदी जवळ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, त्यामुळे आषाढात पडवीतल्या वलणीवर टाकलेली जीन्स चार-चार दिवस वाळत नाही आणि वाळली तरी कुबट वास जात नाही. पूर्वी घरात तान्हं बाळ असलं की शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवायचे, आम्ही वहिनीच्या बाळंतपणाच्या वेळी सरळ ड्रायर घेतला. साधाच, दमट हवा पाइपने बाहेर टाकणारा.

कपडे छान वाळतात, त्यात प्रश्नच नाही. फक्त पाइप भिंतीबाहेर काढाच, नाहीतर सगळी वाफ खोलीत राहते आणि भिंतीला बुरशी धरते. वीजबिल वाढतं पण पावसाळ्यापुरतं सोसतं.

आता आवाजाचं. दिवाळीनंतर मशीन बंद होतं, मिरगात चालू केलं तर ढप ढप ढप, पण थोडं गरम झालं की थांबायचं. हे घाबरण्यासारखं नाही, कित्येक महिने ड्रमचं वजन एकाच जागी पडून रबरी रोलर तेवढ्या भागात चपटे होतात, ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यालाही बाक बसतो, फिरून गरम झाले की बहुतेक वेळा सरळ होतात. पण ऐन श्रावणात किर्रर्र सुरू झालं, तेही असं की बाळ दचकून उठायचं, आणि हे काही केल्या थांबेना. कंपनीचा माणूस आला, न उघडताच म्हणाला मोटर गेली, बदला. मला ते अजिबात पटलं नाही, मोटर गेलेली असती तर ड्रम इतका झकास फिरला असता का?

म्हणून आधी प्लग काढला (नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढा) आणि दार उघडून ड्रम हाताने फिरवला. हाताने फिरवतानाही आवाज आला तर दोष रोलर, पुली, पट्टा किंवा ड्रमच्या कडेच्या फेल्टमध्ये (नमद्याच्या पट्टीत) असण्याची शक्यता जास्त. हाताने शांत आणि चालू केल्यावरच खडखड, तर पंख्यात काहीतरी अडकलंय का बघायचं, नाहीतर मोटर. जड घरघर म्हणजे बहुतेक रोलर किंवा मागचं बेअरिंग, बारीक किंचाळी म्हणजे पट्टा ताणून धरणारी छोटी पुली, खरवडल्यासारखं म्हणजे फेल्ट झिजलंय किंवा कडेला नाणं-हुक अडकलाय. आमचं हाताने फिरवतानाही किर्र करत होतं.

वरचं आणि पुढचं पॅनल काढलं. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घालाच. पट्टा कसा बसलाय त्याचा फोटो आधी काढून ठेवा, खाचांची बाजू ड्रमकडे असते. पुली बाहेर काढून बोटावर फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी कचकच लागली, पिनेवर तांबूस गंजाचं कडं, त्यावर कपड्यांचा भुगा ओलसर होऊन लिंपल्यासारखा बसलेला. खारं वारं आणि भुगा, दोन्ही मिळून हे होतं, आमच्या किनाऱ्यावर तर होणारच. पिन झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुसली, पुली आणि रोलर नवे घातले, चिपळूणच्या एका दुकानात मिळाले. रोलरवर शिलाई मशीनचं तेल सोडायचा सल्ला खूप जण देतात, तो ऐकू नका, पातळ तेल उष्णतेने चिकट होतं आणि त्यावर भुगा जास्तच धरतो. आतला भुगा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढून टाकला, तो पेट घेतो, म्हणून आवाज नसला तरी हे काम दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामात धरायचं. दाराजवळची जाळी मात्र प्रत्येक वेळी साफ.

पाणसळ ठेवून पाहिली तर मशीनही एका बाजूला कलतं होतं, पाय फिरवून सरळ केलं आणि उरलेली थरथर तिथेच गेली.

आता आवाज म्हणजे नुसती हवेची घूंऽऽ, शेजारच्या खोलीत बाळ निवांत झोपतं. एकच काळजी घेतो, मधेच लाईट गेली तर कपडे गरम गरम तसेच आत ठेवत नाही, लगेच काढून पसरतो, कारण ड्रम थांबला की ढिगातली उष्णता कोंडते आणि कपड्याला तेलाबिलाचा अंश असेल तर ते धोक्याचं आहे.