चवली की पावली?

राणीछाप रुपया सगळेच जमवतात. तिथून चांदीच्या लहान नाण्यांकडे वळलात की पहिला पेच हाच: दोन आण्यांची चवली की चार आण्यांची पावली. मी दोन्ही जमवल्या आहेत.

आधी चवलीची बाजू, कारण ती भक्कम आहे. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि १९१८ पासून दोन आणे तांबे-निकेलचे, चौकोनी आले. म्हणजे चांदीची चवली १९१७ ला संपते; संग्रह पुरा होण्याची आशा धरता येते. शिवाय शेवटपर्यंत तिच्यात बारातले अकरा भाग चांदी. पावलीचं तसं नाही. १९४० च्या दशकात ती निम्म्या चांदीवर आली, १९४६ ला निव्वळ निकेलची झाली. १९४३ ची झिजलेली पावली एखाद्या जुन्या पावलीशेजारी ठेवा, करडेपणा लगेच डोळ्यांत भरतो.

तरीही चवलीनं मला छळलं ते सालापायी. जेमतेम दीड ग्रॅमचं नाणं, त्यात पिढ्यानपिढ्या हाताळलेलं. मंगळवार पेठेत सराफ मोडीच्या डब्यातली मूठभर नाणी गादीवर ओततो. चवली उचलायची, भिंग लावायचं, दाराच्या उजेडाकडे तिरकी धरायची. १, ८, ८ इथवर लागतं आणि शेवटचा आकडा सपाट. साल नाही तर ती संग्रहात बसवायची कुठे? चिंचेनं घासून पाहू नका, उरलासुरला उठावही जातो. मुंबई टांकसाळीची खूण असलेलं टिंब तर विचारूच नका.

पावली दुप्पट वजनाची. तितकीच वापरलेली असली तरी साल बहुधा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. तिची खोड वेगळी: माळेसाठी कडी डागलेल्या, म्हणजे झाळून जोडलेल्या, पावल्या पुष्कळ येतात. कडी काढून टाकलेली असते, म्हणून कडेवरून नख फिरवून डाग चाचपा.

नजर तरुण असेल आणि हात आखडता असेल, तर चवली वाईट नाही. मला विचाराल तर पावलीच घ्या, आणि १९११-१२ च्या जोडीपासून सुरुवात करा. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती १९११ च्या नाण्यावर डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो बदलला. बऱ्या पावलीवर साध्या भिंगातून हा फरक दिसतो. चवलीवरही तोच हत्ती आहे, पण झिजलेल्या नगावर मला तो कधी धड दिसला नाही.