‘बाळा, तू एबीएन काढ’: सफाईच्या कामात बुडालेले 2,278 डॉलर

मेलबर्नमध्ये शिकत असताना संध्याकाळी कार्यालयांच्या सफाईचे काम शोधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मला फसवणारा ठेकेदार मराठी होता आणि पहिल्या दिवसापासून मला ‘बाळा’ म्हणत असे, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

त्याने ताशी 22 डॉलर कबूल केले, गणवेश व किल्ल्यांसाठी 350 डॉलर अनामत घेतली आणि एबीएन, म्हणजे धंद्याचा क्रमांक, काढून देण्याचे 80 डॉलर वेगळे घेतले. हा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. वेळा तो ठरवणार, साहित्य त्याचे, हुकूम त्याचा, आणि कागदोपत्री मी मात्र स्वतंत्र व्यावसायिक! 2024-25 मध्ये किमान वेतन ताशी 24.10 डॉलर होते आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला 25 टक्के वाढीव धरून निदान 30.13 डॉलर मिळायला हवे होते, सुपरॲन्युएशन, म्हणजे मालकाने भरायची निवृत्तीची रक्कम, निराळे. नोकरासारखे राबवून एबीएन काढायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला 48 तासच काम करता येते. एका पंधरवड्यात त्याने मला 54 तास राबवले आणि म्हणाला, “बाळा, बिलात 48च लिही, वरचे रोख देतो.” दिलेही, लगेच! माझ्याविरुद्धचा पुरावा तो माझ्याच हाताने तयार करून घेत होता, हे तिथेच ओळखायला हवे होते. पण भाडे डोक्यावर, नाशिकला शैक्षणिक कर्जाचे व्याज सुरू आणि समोर वडिलांच्या वयाचा माणूस. अशा वेळी कोण शंका घेतो?

पुढे 84 तासांचे 1,848 डॉलर थकले. मागितल्यावर उत्तर आले, “54 तासांचे इमिग्रेशनला कळवू का?” व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला पिळणे हा जुलै 2024 पासून तिथे गुन्हा आहे, हे मला फार उशिरा समजले. किल्ल्या परत दिल्या, त्याची सही घेतली नाही, आणि अनामतही गेली.

तक्रारीच्या दारी याहून मोठा मनस्ताप झाला. एका कार्यालयात फोनवर ताटकळवून सांगितले की आधी मालकाला लेखी कळवा. लेखी कळवले, तर म्हणे तुमच्याकडे एबीएन आहे, तेव्हा तुम्ही कामगार आहात हे आधी दाखवा. म्हणजे ज्या कागदाने मला फसवले, तोच कागद माझ्या तोंडावर फेकला. पोलिसांनी हा पैशांचा खासगी वाद ठरवला. वर्षाला हजारो डॉलर शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयाने एक माहितीपत्रक आणि समुपदेशकाचा क्रमांक दिला, जणू माझे पैसे बुडाले नव्हते, मनच तेवढे हळवे झाले होते!

कामाचे तास रोज स्वतः लिहून ठेवा. ठेकेदाराचे संदेश आले की तेव्हाच त्यांची छायाचित्रे घ्या. माझ्या ठेकेदाराने सगळे पुसून टाकले. अनामत कोणालाही देऊ नका. तो आता नव्या क्रमांकावरून माणसे शोधतो आहे आणि अनामत 400 डॉलर मागतो आहे.