मुंबईतील खोलीचे आगाऊ भाडे आणि फोनवरचा ‘गाववाला’

सुट्टीत मुंबई पाहायला जाणाऱ्या कोकणातील कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. माझे थोरले बंधू, वहिनी आणि मुले कणकवलीहून तुतारी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरली, तेव्हा ज्या खोलीचे पैसे भरले होते ती खोली अस्तित्वातच नव्हती. दिलेल्या पत्त्यावर साधी रहिवासी इमारत होती आणि पैसे घेणाऱ्याचा फोन बंद होता.

इंटरनेटवरील नकाशात एका लॉजच्या नावाखाली त्याचा क्रमांक मिळाला होता. कणकवलीचे नाव ऐकताच तो मालवणीत बोलू लागला, “मी कुडाळचोच, तुमी काय काळजी करू नकात.” पैशांचा विषयही न काढता त्याने आपुलकीने सल्ले दिले. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत, म्हणून दादरहून काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच करा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी लोकलने निघण्यापूर्वी मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहा. यातील शब्द न् शब्द खरा होता आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. ही माहिती कोणालाही मिळू शकते. ती अचूक सांगणारा माणूस त्या लॉजचाच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. गावच्या बोलीचेही तसेच आहे, आणि आपल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा असा वापर व्हावा याची मला रकमेपेक्षा अधिक चीड आहे.

पुढचे सारे झपाट्याने झाले. आधी ३,००० रुपये आगाऊ भाडे, मग ५,००० रुपये अनामत. पैसे पाठवताना पडद्यावर लॉजचे नव्हे, तर भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले, तेव्हा ते मॅनेजरचे खाते असल्याचे त्याने सांगितले. शेवटी अनामत लगेच परत करतो म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाकायला लावला, आणि आणखी ५,००० रुपये गेले. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

कोकणात मुंबईला कोणी नाही असे घर क्वचितच सापडेल. लालबाग, परळ, गिरगाव, जिथे कोणी असेल त्यांना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एकदा त्या पत्त्यावर जाऊन यायला सांगावे. गावच्या मुंबईकर मंडळाकडे राहण्याच्या सोयीची चौकशी करावी, तीही प्रत्यक्ष ओळखीच्या माणसामार्फत. ज्याला खरोखर खोली द्यायची आहे, तो अशा पाहणीला हरकत घेणार नाही. आमच्याकडून त्याने सर्वांच्या आधार कार्डांचे फोटोही घेतले होते. फोनवर ओळखपत्र पाठवणे अटळच असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार पाठवावे. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

पैसे गेल्याचे कळताच, पुढच्या प्रवासाचे काय करायचे हे ठरवण्याआधी, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते आणि ती काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच बँकेला ती गोठवता येते. यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक), समोरच्याचा फोन क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत, आणि रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये.