म्हापशातलं जुन्या कॉमिक्सचं दुकान: माल झकास, ‘मिंट’वर भरवसा नको

म्हापसा मार्केटपासून चालत पाच मिनिटं, शिंप्याच्या वरची खोली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. पण जिना चढताना जुन्या कागदाचा वास आला की समजा, बरोबर आलात.

मराठी इंद्रजाल कॉमिक्ससाठी गोव्यात मला तरी हे एकच ठिकाण सापडलंय. 1964 ते 1990 पर्यंत निघालेले ते अंक, वेताळ, मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, पत्र्याच्या ट्रंकांत क्रमाने उभे लावलेत. तुमच्याकडे सलग अंकांचा ‘रन’ असेल आणि मधले दोन-चार गळाले असतील, तर चिठ्ठी देऊन या. दुकानदार ती हरवत नाही, सापडला अंक की फोन करतो. यासाठी त्याला पैकीच्या पैकी.

आता तक्रार. कव्हर शाबूत दिसलं की तो ‘मिंट’ म्हणतो आणि तसाच भाव सांगतो. मिंट म्हणजे छापखान्यातून आत्ता निघालेला अंक, कोपरासुद्धा न मुडपलेला. अमेरिकेत सीजीसी ही कंपनी 2000 सालापासून पैसे घेऊन कॉमिक्सचा दर्जा ठरवते: 0.5 ते 10. त्यात निअर मिंट 9.4 ला, फाइन 6 ला, व्हेरी गुड 4 ला आणि नुसतं गुड 2 ला. म्हणजे ‘गुड’ हा शेरा तिथे जवळजवळ नापासाचा.

मला ‘मिंट’ म्हणून दिलेला वेताळ मी मध्यावर उघडला. दोन्ही पिना गंजलेल्या, गंजाचा तपकिरी डाग चार पानं खोल गेलेला, आणि पहिल्या पानावर बॉलपेनने ‘इयत्ता सहावी, तुकडी ब’. मी व्हेरी गुडच्या वर जाणार नाही म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, “बाय, गोंयच्या पावसांत पीन गंजतलीच.” खरंय, पण मग भावही गंजू दे की! सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात सौदा झाला. वाचायलाच हवा असेल तर ‘रीडर कॉपी’ मागा. फाटकी, सुटी पानं असलेली, पण स्वस्त. त्या ढिगात तो भाव करत नाही, गरजही पडत नाही.

बॅग आणि बोर्ड, म्हणजे अंक ठेवायची पिशवी आणि त्यामागे घालायचा पुठ्ठा, मात्र त्याच्याकडून घेऊ नका. पिशव्या साध्या प्लास्टिकच्या, तोंड चिकटवून बंद केलेल्या, आणि बोर्ड म्हणून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदाला पिवळं करतं. माझं औषधांचं दुकान आहे, ओलाव्याने काय होतं ते मी रोज बघते. ॲसिड-फ्री बोर्ड ऑनलाइन मागवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळ्यानंतर सगळं एकदा बाहेर काढून बघा.

अमर चित्र कथेच्या खोक्यात ‘पहिली आवृत्ती’ अशा चिठ्ठ्या दिसतील. त्यांवर जाऊ नका. त्या मालिकेत एकेक पुस्तक कितीदा तरी पुन्हा छापलं गेलंय. छपाई कधीची ते ठरवायला कव्हरवरची किंमत आणि मागची जाहिरात बघा. इंग्रजी मालिका ‘कृष्ण’पासून सुरू झाली आणि त्यावर 11 हा क्रमांक होता, कारण आधीचे दहा अंक कन्नडमधल्या परदेशी परीकथांचे होते. त्यामुळे इंग्रजीतला ‘एक नंबर’ कोणी दाखवू लागला, तर हसून पुढे व्हा.

संध्याकाळी कॉलेजची मुलं जमतात. परवा वाद रंगला होता बॅटमॅनचा साथीदार रॉबिन झालेल्या जेसन टॉडवर: 1988 मध्ये वाचकांनी फोनवरून मतं देऊन मारलेला रॉबिन पुढे जिवंत करणं हा ‘रेटकॉन’ (आधीची कथा मागाहून बदलणं) की नुसता आळस? कॅनन (अधिकृत कथा) काय, हेडकॅनन (वाचकाने मनाशी धरलेली कथा) काय, सगळं कोंकणी-मराठी मिसळून. दुकानदार मधे पडत नाही, चहा मात्र पाजतो. काउंटरमागे एक ‘स्लॅब’ आहे, म्हणजे सीजीसीच्या पारदर्शक डबीत कायमचं बंद केलेलं अमेरिकन कॉमिक. पानं उलटता येत नाहीत, तरी कौतुक त्याचंच जास्त.

दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद, कोणासाठीही उघडत नाही. शुक्रवारी बाजार असतो, गाडी आणू नका. आणि इंद्रजालमधला आबिद सुरतींचा नायक बहादूर ज्यात पहिल्यांदा आला तो 1976 चा अंक दुकानात आला, तर माझं नाव चिठ्ठीवर आधीच आहे, हे लक्षात असू द्या.