टर्कीला बोलवायचं किट: बॉक्स कॉल एक नंबर, बाकीच्याचं जरा बोलू

टर्की या मोठ्या पाखराला शिकारीसाठी आवाजानं बोलवायची साधनं म्हणजे कॉल: बॉक्स कॉल, स्लेटचा पॉट कॉल, तोंडात धरायचे डायफ्राम, घुबडाचा भोंगा आणि कावळ्याचा भोंगा, असं सगळं एका डब्यात ६० डॉलरच्या आसपास. आतेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो, तो दर वसंतात टर्कीच्या शिकारीच्या सीझनला जातो, मागं मी तिकडं गेलेलो तेव्हा त्याच्यासोबत रानात नुसता बसायला गेलो आणि तिथंच नाद लागला, मग येताना हे किट घेऊनच आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडी शिव्याशाप पण आहेत.

आधीच सांगून ठेवतो, इथं कुणी हे घेऊन दाजीपूरच्या अभयारण्यात जाऊ नका. रानटर्की आपल्याकडं नाहीच, ती अमेरिका मेक्सिकोकडची, आणि आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदीच आहे. रानकोंबडा नाहीतर मोर येतोय का बघू म्हणून विणीच्या दिवसात भोंगे वाजवत बसणं हा पण त्रासच आहे पाखरांना. मी प्रॅक्टिस करतो ती घराच्या गच्चीवर आणि कागल साइडला एका मित्राची टर्कीची शेड आहे तिथं. पाळीव टर्की आणि रानटर्की जात एकच, मेलिआग्रिस गॅलोपावो, त्यामुळं आवाज तपासायला शेड बरी पडते.

आता बॉक्स कॉल. लाकडाची लांबट पेटी, वर दांड्यासारखं झाकण एका स्क्रूवर हलतं, झाकण पेटीच्या कडेवर घासलं की मादीचा आवाज येतो, यांक यांक यांक असा, जुन्या वाड्याच्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. डिझाइन काय आजचं नाही, याचं पेटंट अमेरिकेत १८९७ सालचं आहे, आणि अजून त्यात फार काही बदलायची गरज पडली नाही यातच काय ते आलं. ज्यानं आयुष्यात कधी टर्की बघितली नाही तो पण पाच मिनिटात बरा आवाज काढतो, माझ्या पुतणीनं काढला. झाकण उचलायचं नाही, कडेला टेकलेलंच ठेवून छोटा स्ट्रोक मारायचा, उचलून आपटलं की टक्क असा आवाज येतो, आणि टर्कीच्या भाषेत तसला एकच कोरडा टक्क म्हणजे धोका, पळा. मित्राच्या शेडमध्ये हे बरोबर दिसलं, हळू यांक यांक केलं की नर पिसारा फुलवून पंख जमिनीवर घासत फिरायला लागतो, टक्क झालं की सगळ्यांच्या माना सरळ वर.

बॉक्सला खडू लागतो आणि इथंच लोक घोळ घालतात. टेलरचा खडू नको, मेणाचा नको, तेलाचा अंश असलेला कुठलाच नको, लाकूड गुळगुळीत झालं की आवाज बसला म्हणून समजा. किटमध्ये खडूचा एवढासा तुकडा दिलाय, कंजूषपणा नुसता. आणि ओल. आपल्याकडं जूनमध्ये पाऊस चालू झाला की लाकूड दमट होतं आणि पेटी मुकी होते, तिकडंही सकाळचं दव असतंच, तिथले जुने शिकारी ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशवीत पेटी ठेवतात आणि पिशवीत हात घालून तशीच वाजवतात. मी पण तेच करतो, चालतंय.

पॉट कॉल म्हणजे वाटीएवढ्या गोल डबीवर पाटीच्या दगडाची चकती, त्यावर लाकडी कांडीनं छोटे गोल काढायचे, कांडीचं टोक चकतीवरनं उचलायचं नाही. आवाज बॉक्सपेक्षा मऊ येतो, गुरगुर आणि हलकं क्लक यात जास्त गोड निघतं, पाखरू जवळ आल्यावर हेच कामाचं. पण चकतीला बोट लागलं की अंगाचं तेल लागतं आणि कांडी घसरते, मग पॉलिश पेपर मारा. किटमधली कांडी एकदम हलक्या लाकडाची, आवाज पातळ यायचा, मी लेथवाल्याकडून शिसवीची कांडी काढून घेतली, फरक जमीन अस्मानाचा. भिजल्यावर मात्र दगड आणि लाकूड दोन्ही गप्प. पावसात काच नाहीतर अॅल्युमिनियमची चकती आणि कार्बनची कांडी लागते, ती यात नाहीच, आणि डब्यावर मात्र कुठल्याही हवामानात चालेल असं छापलंय. थाप आहे ती.

घुबडाचा भोंगा हा माझ्या मते किटचा मेन माल आहे, पण तो कशासाठी हे माहितीपत्रकात धड लिहिलेलंच नाही म्हणून सविस्तर लिहितो. टर्की रात्री झाडावर झोपते. संध्याकाळी अंधार पडायच्या टायमाला किंवा पहाटे उजाडायच्या आधी जोरात कसला आवाज झाला की नर न राहवून ओरडतो, गडगडाट झाला तरी ओरडतो, गाडीचं दार आपटलं तरी ओरडतो. तिकडच्या रानात बार्ड आऊल नावाचं घुबड असतं, त्याचा ठेका आठ सुरांचा, हू हू हू-हू, हू हू हू-हूआ, तो भोंग्यावर वाजवायचा आणि गप्प राहून कान द्यायचा. नर उत्तर देतो, झाड कुठलं ते कळतं. मादीचा आवाज का नाही काढायचा तिथं? कारण तुम्ही अजून वाटेवर उभे, बसायची जागा ठरलेली नाही, आणि मादीचा आवाज ऐकून तो चालत आला तर तुम्हाला बघून कायमचा जाणार. घुबडाकडं तो येत नाही, नुसता ओरडतो. दिवसा त्याच कामाला कावळ्याचा भोंगा. शोधायचा आवाज वेगळा आणि बोलवायचा आवाज वेगळा, हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं.

नर ओरडलाच नाही तर जमीन वाचायची, आतेभाऊ त्यात पटाईत आहे. पाचोळा उकरलेला, धुळीत लोळलेल्या जागा, आणि विष्ठा, नराची इंग्रजी जे सारखी वाकडी आणि मादीची गुंडाळी. छातीचं पीस सापडलं तर टोक काळं म्हणजे नर, फिकट तपकिरी म्हणजे मादी.

शेडमध्ये घुबडाचा भोंगा वाजवला तर सगळे नर एकदम ओरडले, मित्र लई खूश झाला, पण मग रस्त्यावरनं एसटी हॉर्न मारत गेली तरी तेवढेच ओरडले. त्यामुळं शेडमधल्या उत्तरावरनं भोंग्याला मार्क देण्यात अर्थ नाही. मी रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐकलं, ठेका आणि शेवटचा उतरता सूर बरा येतो, आवाज लांब जातो. कावळ्याचा भोंगा बारीक आहे, आपल्या कावळ्यांनी ढुंकून बघितलं नाही, अर्थात तो तिकडच्या कावळ्याचा.

डायफ्राम म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या चौकटीवर ताणलेलं लॅटेक्स, टाळूला चिकटवून फुंकायचं. फायदा एकच पण मोठा, हात मोकळे राहतात, आणि टर्कीची नजर एवढी तिखट की शेवटच्या क्षणी पेटीवर हात हलला तरी खेळ खलास. पण मला हे अजून जमत नाही, उबळ येते. उन्हाळ्यात लॅटेक्स एकमेकाला चिकटतं म्हणून पट्ट्यांमध्ये टूथपिक घालून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आमच्या फ्रिजमध्ये ते लोणच्याशेजारी बघून घरात जे काय बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोल्हापुरात शिकार म्हटलं की संस्थानच्या काळातली पाळलेला चित्ता सोडून काळवीट धरायची शिकार आठवते, पण ती पळवून धरायची. बसून, गप्प राहून, आवाजानं बोलवायची विद्या पारध्यांकडं होती, तित्तराचा आवाज तोंडानं काढायची. टर्कीचं जास्त तसंच आहे, उलट इथं अजून एक गंमत, निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं जाते, तुम्ही मादी बनून त्याला उलटं चालत यायला सांगताय. म्हणून जास्त वाजवलं की तो जागेवर उभा राहून वाट बघतो, ये की तूच म्हणून. आतेभावानं त्या सकाळी नर झाडावर होता तेव्हा दोनदा हळू वाजवलं, खाली उतरल्यावर एकदा, आणि मग अर्धा तास बॉक्स मांडीवर गप्प. माझा जीव वरखाली. नर आला, पण झाडीमागं आडवा उभा राहिला, अंतर चाळीस यार्डाच्या पुढं, आतेभावानं बंदूक उचललीच नाही. मला तेच आवडलं.

एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक पाहिजे होती ती बारीक अक्षरात आहे. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमाल पण नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, दुसरा शिकारी टर्की समजून गोळी घालायचा. आणि लांबून टर्कीचा आवाज आला तर त्या दिशेला सरपटत जायचं नाही, तिथं दुसरा कोणतरी असलाच बॉक्स घेऊन बसलेला असू शकतो. पाठ रुंद झाडाला लावून बसायचं.

सुटं मिळत असेल तर बॉक्स आणि घुबडाचा भोंगा तेवढा घ्या, पॉट कॉल चांगल्या कांडीसकट वेगळा घ्या, डायफ्राम नंतर बघू. आणि बॅगेत घालताना बॉक्सच्या झाकणाला जाड रबर बँड दोनदा गुंडाळा, मी नुसता टॉवेलात गुंडाळलेला, मुंबईपासनं कोल्हापूरपर्यंत ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं दर खड्ड्याला टर्की ओरडत होती आणि क्लीनर दोनदा खाली उतरून बघून आला.