दुसऱ्यांदा केलेल्या एसीएलचे १४ महिने: फरक पडला तो बोगद्याच्या जागेने

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारा अस्थिबंध. उजव्या गुडघ्याच्या एसीएलचं हे माझं दुसरं ऑपरेशन. पहिल्यानंतर तीन वर्षं एकच ऐकत होतो, ‘ग्राफ्ट शाबूत आहे, व्यायाम वाढवा.’ ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवलेला पट्टा, शाबूत होता हे खरंच. एमआरआयमध्ये सलग दिसायचा, सरळ चालताना, अगदी पळतानाही तक्रार नव्हती. पण बॅडमिंटन खेळताना मागे जाऊन वळलो, किंवा जिन्याच्या वळणावर हातात ओझं असताना अंग फिरवलं, की गुडघा आतल्या आत सरकायचा. दुखायचं नाही फारसं, पण त्या पायावरचा भरवसा उडाला. हळूहळू मी वळणंच टाळायला लागलो.

ज्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन केलं त्यांनी रिपोर्ट नंतर वाचले. आधी मला आडवं केलं, टाच उचलली, पाऊल आत वळवलं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने दाब देत तो हळूहळू वाकवला. थोडासा वाकला असेल नसेल, आत खट्‌कन काहीतरी जागेवर बसलं. ‘हेच होतं ना खेळताना?’ हेच होतं. या तपासणीला पिव्हट शिफ्ट म्हणतात. नडगी पुढे ओढून पाहिली तेव्हा मात्र ती जिथल्या तिथे थांबत होती. म्हणजे ग्राफ्ट पुढे सरकणं अडवत होता, फिरणं अडवत नव्हता.

मग त्यांनी जुना एक्सरे लावला आणि बोगदा, म्हणजे ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेलं भोक, दाखवला. मूळ एसीएल तिरकं असतं: नडगीच्या हाडावर पुढून निघतं आणि मांडीच्या हाडाच्या खाचेत बाहेरच्या भिंतीवर, मागच्या अंगाला चिकटतं. उजवा गुडघा वाकवून समोरून पाहिला आणि खाचेवर घड्याळाची तबकडी कल्पिली, तर ती जागा साधारण दहाच्या आसपास येते. माझा बोगदा बाराच्या जवळ, जवळजवळ छताला होता. पहिल्या वेळी मांडीच्या हाडातलं भोक नडगीच्या बोगद्यातूनच ड्रिल घालून पाडलं होतं. ती पद्धत अनेक वर्षं सर्रास वापरली जायची, पण त्यात ड्रिलची दिशा नडगीचा बोगदाच ठरवतो आणि वरचं तोंड उंच जाण्याचा धोका राहतो. फळ्यांच्या दाराला तिरकी पट्टी मारतात म्हणून ते दार वाकडं होत नाही. माझ्या दाराला पट्टी होती, पण उभी.

सीटी स्कॅनमध्ये जुने बोगदे फारसे रुंदावलेले नव्हते. ते १४-१५ मिलिमीटरच्या पुढे गेले असते तर बहुधा आधी हाड भरून, काही महिने थांबून दुसऱ्या टप्प्यात ग्राफ्ट घालावा लागला असता. जुनं तोंड इतकं वर होतं की नवीन बोगद्याला मूळ जागा मोकळीच मिळाली, त्यामुळे एकाच ऑपरेशनमध्ये भागलं. या वेळी ड्रिल गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या छोट्या छिद्रातून घातलं, गुडघा ११० अंशांपेक्षा जास्त वाकवून. तेवढा वाकवला नाही तर बोगदा आखूड होतो किंवा मागची भिंत फुटू शकते. मांडीमागचे स्नायुबंध आधीच वापरले होते, म्हणून ग्राफ्ट वाटीखालच्या पट्ट्याचा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला.

पहिले तीन महिने दोन्ही वेळचे सारखेच: सूज, बर्फ, मांडी बारीक होणं, फिजिओची रोजची घासाघीस. त्यावर लिहिण्यासारखं नवीन काही नाही. फरक कळला सहाव्या महिन्यात, दिशा बदलून पळायला लागलो तेव्हा. फिजिओने न सांगता डावीकडे हात दाखवला, मी वळलो, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं की वळण्याआधी मी श्वास रोखलाच नाही. खेळायला मात्र नऊ महिने पूर्ण होईपर्यंत गेलो नाही. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढे महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होतं. घाई करावीशी वाटली की हा आकडा आठवायचो.

ऑपरेशन ठरलेले लोक मला कुठला ग्राफ्ट, कुठला स्क्रू हे विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, बोगदा कुठे घेणार हेही विचारा आणि ऑपरेशननंतरचे समोरचा आणि बाजूचा, दोन्ही एक्सरे डॉक्टरांसोबत बसून बघा. बाजूच्या एक्सरेत खाचेचं छत एका पांढऱ्या तिरक्या रेषेसारखं दिसतं, तिला ब्लुमेनसाटची रेषा म्हणतात. बर्नार्ड आणि हर्टेल यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार बोगद्याचं तोंड त्या रेषेवर मागून साधारण पाव भागावर आणि रेषेपासून खाली साधारण पाव भागावर असावं. तोंड फार पुढे आलं तर गुडघा वाकवताना ग्राफ्ट ताणला जातो. नडगीचा बोगदा फार पुढे गेला तर पाय सरळ करताना ग्राफ्ट छताला घासतो. गुडघा नीट सरळ होत नसेल तर ‘व्यायाम कमी पडतोय’ एवढ्यावर समाधान मानू नका, एक्सरे पुन्हा बघायला सांगा.

१३ व्या महिन्यात डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा केली. मी सवयीने पलंगाची कड घट्ट धरली होती. पाऊल वळलं, गुडघा वाकला, खट्‌ झालंच नाही. जमिनीवर गुडघा टेकला की वाटीखाली अजून टोचतं, उशी घ्यावी लागते. ही तक्रार ग्राफ्ट काढलेल्या जागेची, आणि ती राहू शकते हे मला आधीच सांगितलं होतं.